ऐरणीवरचा फोन

आबांनी माझा फोन ऐरणीवर ठेवला आणि हातोडा घातला. काचा माझ्या पायाशी उडाल्या. त्यातले घाणेरडे मेसेज त्यांनी आत्ताच वाचले होते.

"बरं केलंस, दादा," भाता ओढता ओढता काका म्हणाला. "पोरींना कशाला हवंय इंटरनेट?"

"त्याच इंटरनेटवर मी शिकले," मी ओरडले, "की असले मेसेज पुसायचे नाहीत, पोलिसांना दाखवायचे. तुम्ही पुरावाच फोडलात, आबा! नंबर अनोळखी होता, पण काल त्यावरून आवाजातला मेसेज आला. तो आवाज काकाचा होता."

भाता थांबला.

"तुझा फोन आण इकडं," आबा काकाला म्हणाले.

काकानं हात खिशावर दाबून धरला. मग आबांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. विळ्याचं पातं धरावं तसं त्यांनी त्याचं मनगट ऐरणीवर धरलं आणि घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. काका ढोरासारखा ओरडत कोसळला, फोन खिशातून घरंगळला.

आबांनी आता त्या फोनवर हातोडा उगारला. मी फोनवर पालथी पडले.

"हा नाही, आबा," मी म्हणाले. "हा फोडायचा नाही."