काहिलींची शर्यत

पावसाळ्यात नदीच्या खळाळत्या धारेत गूळ कढवायच्या पसरट काहिलींत बसून आमचं गाव शर्यत लावायचं. नदीवर जायची वाट गोजराक्काच्या रानातून होती. तिनं अडवलेली ती वाट आम्ही नगरच्या कोर्टात जिंकली आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. नदीत थेंब राहिला नाही.

महसूल खात्याचे सर्कलसाहेब वाट आखायला आले. गोजराक्का म्हणाली, "पानी न्हाई, म्हंजे नदी न्हाई. मग वाट कशाला?"

साहेब कागद मिटू लागले. तेव्हा आमच्यातला कारभारी कोरड्या पात्रात वाळूवर पडलेल्या काहिलीत बसून जोरजोरात वल्हवू लागला. काहिल कलंडली. तो वाळूत हातपाय झाडत ओरडला, "आक्का, बुडालो!"

"तरी म्हनत हुते मेल्या, हितं उतरू नगस!" म्हणत आक्का धावली आणि तिनं हातातला कासरा त्याच्याकडं फेकला.

साहेबांनी लिहिलं, "नदी आहे. खोल आहे."