भरवशाचा जनरेटर

"जनरेटर ठणठणीत आहे, वहिनी. उगाच नव्या बॅटरीचं खूळ काढू नका," भावजी म्हणाले. घरच्या प्रसूतिगृहाच्या तिजोरीची किल्ली या धाकट्या दिरांच्या कमरेला, जनरेटर वहिनींच्या गळ्यात. डिझेल वाचवायला दरमहाची चाचणीही भावजींनी बंद केलेली. अपुऱ्या दिवसांची जुळी उद्या सिझेरियनने जन्माला यायची होती. आज बाळांना ऊब देणाऱ्या विजेवरच्या काचपेट्या रिकाम्या होत्या. "एवढा भरवसा असेल तर लिफ्टमध्ये चढा, मी मेन स्विच पाडते," वहिनी म्हणाल्या. भावजी मिशीत हसत चढले. वहिनींनी खटका ओढला. जनरेटर एकदा कण्हला आणि गप्प झाला. अधांतरी अडकलेल्या लिफ्टमधून आरोळी आली, "मेन चालू करा!" "नवी बॅटरी आल्याशिवाय नाही." "दादाला सांगेन!" "सांगा. बाळांना तर तेवढंही सांगता आलं नसतं." खटक्यावरचा हात हलला नाही. अखेर महिनाभर न सापडलेला बॅटरीवाल्याचा नंबर भावजींनी अंधारातून तोंडपाठ ओरडून सांगितला.