दोन पट्टे

वीस वर्षं रंगकाम करतोय. गिऱ्हाईक दोन सारख्याच रंगांत अडकलं की मी दोन्हींचा एकेक पट्टा भिंतीवर मारतो आणि सांगतो, ही भिंत तुम्ही रोज जिथून बघता, तिथून बघा. बैठकीची खुर्चीत बसून, झोपायच्या खोलीतली आडवं पडून.

त्या घरात स्वयंपाकघराची भिंत होती. आदल्या दिवशी मी तिच्यातला डोक्याएवढा खड्डा पुट्टीनं बुजवला होता. "कपाट सरकवताना लागलं," घरमालक म्हणाला होता. खड्डा खरवडताना आतून लांब केस निघाले. कपाटाला केस नसतात हे मला कळत होतं, तरी मी मान डोलावली.

आज एक पट्टा सायीच्या रंगाचा मारला, दुसरा लोण्याच्या. "कुठला ते पटकन सांग, नाहीतर माहितीये ना," असं बायकोवर खेकसून तो फोन घ्यायला बाहेर गेला.

"ताई, तुम्ही कुठून बघता?" मी विचारलं. वाटलं, ओट्यापाशी उभ्या राहतील.

ताई फरशीवर कुशीवर पडल्या. गाल फरशीला टेकवला, एक हात डोक्यावर धरला, दुसरा पोटाशी घेतला आणि भिंतीकडे बघू लागल्या.

"दादा, जरा माझ्यासमोर उभे राहा. अजून जवळ या. हे उभे असताना जेवढी दिसते, तेवढीच बघायचीय."

मी अनवाणीच पुढे सरकलो.

"असं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बूट घालून."