सुनेची घंटी

जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. विसरू नये म्हणून निपाणीच्या चंदना या सुनेनं वेब-ॲप केलं. वेळेआधी मोबाइलवर घंटी वाजवणारं, फुकट, कुणीही दुरुस्त करावं असं. मागच्या आवृत्तीची घंटी अंधारात वाजली आणि तिच्या भरवशावर बसलेली अर्धी गल्ली उपाशी झोपली. चिकोडीच्या निशानं चूक शोधून दुरुस्ती पाठवली. चंदनानं तपासली, बदलांची यादी लिहिली आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. सासरे ताट घेऊन उभेच. "आप्पा, बसा की!" "परवा उपाशी झोपलो, आज बी झोपंन. जेवीन तर सुनेच्या घंटीवरच!" तेवढ्यात त्यांच्या खिशात घंटी वाजली, मग शेजारी, मग गल्लीभर. चंदना हरखून निशाला कळवू लागली. आप्पांनी लॅपटॉप मिटून त्यावर आपलं ताट ठेवलं. "घंटी लोकांसाठीच व्हय गं? ऊन हाय तवर जेव!"