उजवीकडचा भार

घोडीच्या कमरेला उजव्या बाजूने बोट लागलं, तशी तिने पाठ चोरली.

“दुखणं इथे आहे,” मालिशवाल्या बाई म्हणाल्या आणि बाह्या वर सारल्या.

घोडीवर बसणाऱ्या मुलीचा जीव टांगणीला लागला होता. उद्या सकाळी आठला स्पर्धेचे डॉक्टर घोडीची चाल बघणार होते. ती अशीच अडखळली, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. अंतिम फेरी गाठायची ही पहिलीच वेळ होती.

आई कुंपणापलीकडे नाकाला रुमाल लावून उभी होती. तबेला घराच्या मागेच होता, पण ती तिकडे फिरकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी मुलगी घोडीवरून पडली, तेव्हापासून आई घोडीला नुसतं ‘ते जनावर’ म्हणे. पहाटे उठून एकटीच फिरायला जाई, आणि फिरण्याने पाय धरतो म्हणून दिवसभर कुरकुरे. आज इतकी जवळ आली, हेच नवल. घोडी तिच्याकडे बघून फुरफुरली.

“हिला माणसं ओळखता येत नाहीत,” मुलगी म्हणाली.

बाईंनी तळहात टेकवून हळूहळू दाब वाढवला. शेपूट हलकेच ओढून धरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घोडीने मान खाली सोडली, ओठ चाटले आणि अशी लांबलचक जांभई दिली की घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांनाही जांभई आली.

मास्तरांनी तिला अंगणात पळवून आणलं. चाल अगदी सरळ पडत होती. मुलीला नाचावंसं वाटलं, आणि ती नाचलीच.

बाईंनी तिला थांबवलं. घोडी आणि स्वार एकाच दिवशी मोकळे करायचे, ही त्यांची पद्धत होती. बसणाऱ्याचा भार उजवीकडे पडतोय, म्हणाल्या. तो तसाच राहिला, तर घोडी पुन्हा आखडणार.

मुलगी घाईघाईने मालिशच्या टेबलावर पालथी झोपली. बाईंनी तिचे खांदे, कंबर, टाचा सगळं तपासलं. पुन्हा एकदा तपासलं.

“तुमचं अंग सरळ आहे. ही बैठक तुमची नाही.”

सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. मास्तरांचं वजन शंभराच्या घरात होतं.

“यांची असती, तर घोडी आडवीच झाली असती,” बाई म्हणाल्या. मास्तरांना ते लागलं, पण त्यांची सुटकाही झाली.

माझ्याशिवाय हिच्यावर कुणीच बसत नाही, असं मुलगी शपथेवर सांगू लागली. बाईंनी मान हलवली. घोडीच्या पाठीला खोटं बोलता येत नाही, कुणीतरी रोज बसतंय, आणि ते कोण हे कळेपर्यंत आपल्याला पुढे काही करता येणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मग त्या टेबलाची घडी घालायला वाकल्या.

कुंपणाची कडी वाजली. आई आत आली. तिने रुमाल कमरेला खोचला, घोडीच्या मानेवर जाता जाता एक थाप मारली, बूट काढले आणि टेबलावर पालथी झोपली.

“उजवा खुबा,” ती बाईंना म्हणाली. “आणि तू ओरडू नकोस गं, उद्या तुझी फेरी आहे.”