सांभाळणारं माणूस

"म्हणजे दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?" सर्जनांनी विचारलं.

"बहीण," समुपदेशक बाई म्हणाल्या.

टेबलाभोवतीची सगळी डोकी वर झाली. ही डॉक्टर मंडळी दर आठवड्याला याच खोलीत बसत आणि कुणाला नवं लिव्हर द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवत. लिव्हर मोजकी, वाट बघणारे उदंड. दारूपायी लिव्हर गेलेल्याने दारू खरंच सोडलीय की नाही, हे शोधून काढायचं काम बाईंचं. अजून पीत असेल त्याचं यादीत नाव लागतच नसे, त्यात दयामाया नव्हती. बाईंची रीत अशी, की पेशंट आणि त्याला पुढे घरी सांभाळणारं माणूस, दोघांना वेगवेगळं बसवायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. पेशंट हमखास खोटं बोलतो आणि घरचे चहाड्या करतात. बारा गावचं पाणी प्यायलेल्या बाईंनी याच्या उलटं आजवर कधी पाहिलं नव्हतं आणि आज ते पाहिलं, त्यामुळे सकाळपासून त्या जरा खुशीतच होत्या.

पेशंट दुकानांच्या पाट्या रंगवणारा. डोळे पिवळेजर्द. "पिवळा रंग मला कधीच आवडला नाही मॅडम, आता तोच अंगावर आलाय," असं म्हणून स्वतःच हसला होता. मग कुणी न विचारताच त्याने सांगून टाकलं, की सोडल्यानंतर एकदा घसरलो. भाच्याच्या लग्नात, दोन ग्लास. त्याला वर्ष होऊन गेलं. आणि त्या भाच्याची आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, शेजारच्या खोलीत शपथेवर सांगत होती, की भावाने दारू सोडल्यापासून थेंबालाही हात लावलेला नाही. लग्नात तर तो पाहुण्यांना पाणी वाटत होता म्हणे.

"पेशंट चालेल," बाई म्हणाल्या. "रिपोर्ट स्वच्छ आहेत आणि स्वतःची चूक आपण होऊन सांगतो. मला बहीण चालणार नाही."

"वा. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"साहेब, तुम्ही ऑपरेशन कराल आणि मोकळे व्हाल. घरी गेल्यावर तो परत प्यायला, तर आपल्याला सांगणार कोण? ही? ही पाठीशी घालेल. आपल्याला कळेपर्यंत दुसरंही लिव्हर गेलेलं असेल."

"घरात आणखी कोणी?"

"भाचा लग्नानंतर परदेशात गेला. बाकी कोणी नाही."

"मग विषय संपला. सांभाळणारं माणूस धड नसेल तर मी चाकू हातात घेत नाही."

ते बाईंना माहीत होतं. पण इतका सरळ माणूस बहिणीच्या मायेपायी मरावा, हे त्यांना काही केल्या पटेना. एकदा तिच्याशी बोलून येते, असं सांगून त्या उठल्या.

बहीण बाहेर बाकावर बसली होती. भावाला तपासणीसाठी खाली नेलं होतं. तिच्या मांडीवरच्या पिशवीतून गोळ्या ठेवायचा कप्प्यांचा डबा आणि दोन कोरे टॉवेल डोकावत होते. निकाल लागायच्या आधीच बहिणीची खरेदी झालेली.

"ताई, लग्नात तो प्यायला होता," बाई शेजारी बसत म्हणाल्या. "त्यानेच सांगितलं."

बहिणीचा चेहरा उतरला. "गाढव आहे. लहानपणापासून असाच. मी झाकायचं आणि याने उघडं करायचं."

"पण झाकता कशाला?"

"मी नाही झाकणार तर कोण? आई गेली तेव्हा एवढासा होता तो."

बाईंनी तिला नीट समजावलं. ऑपरेशननंतर कुणी घसरला म्हणून त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. लवकर कळलं तर लिव्हर वाचवता येतं. पण कळायला हवं, आणि ते कळवणारं घरात एकच माणूस आहे. "त्याला राग आला तरी तुम्ही आम्हाला खरं सांगाल, एवढी खात्री मला आत जाऊन द्यायचीय. घोडं तुमच्यापाशी अडलंय, ताई. त्याच्यापाशी नाही."

बाई तिच्याकडे निरखून बघत राहिल्या. खोटं बोलणारं माणूस खऱ्यावर यायला लागलं की चेहरा कसा बदलतो, याचं त्यांना इतक्या वर्षांनंतरही कुतूहल होतं.

"म्हणजे भावाविरुद्ध बोलता आलं पाहिजे."

"विरुद्ध नाही. खरं."

"तेच ते."

तिने पिशवी बाजूला ठेवली आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ झाली.

"मग ऐका. रिपोर्ट चांगले आले ना, त्या संध्याकाळी प्यायला तो. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा. माळ्यावर रंगाच्या डब्यांमागे बाटली होती, उरलेली मी मोरीत ओतली. पण परवा पुन्हा तोंडाला वास होता. तुम्हाला सांगू नको म्हणून माझ्या पाया पडला."

बाई दाराकडे बघत राहिल्या. आत सगळे त्यांचीच वाट बघत होते.

"बघा, सांगितलं," बहीण म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली होती. "आता चालेन ना मी?"