सूत्राने लावलेला फोन

"तुमचा कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आधी चहा सांगा," मी कट्ट्यावर बसता बसता म्हणालो.

"कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये एक सूत्र शिकलो. नाव टाकलं, की अख्ख्या तक्त्यातून त्याचा फोन नंबर शोधून देतं. घरी ओळखीच्या सगळ्यांचा तक्ता केला आणि पहिलं नाव टाकलं आमच्या मकरंदचं. बंगळुरूला गेल्यापासून पोरगा फोन करत नाही, म्हटलं आपणच करावा. पण सूत्राच्या शेवटी 'फॉल्स' लिहायचं राहिलं. ते राहिलं, की सूत्र भलत्याच ओळीतला नंबर उचलतं. मला मिळाला भिकोबा प्लंबरचा.

मी म्हटलं, 'बाळा, बाबा बोलतोय.' तोही पठ्ठ्या म्हणाला, 'बोला बाबा, जेवलात का?' तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन असतो. गोळी घेतली का, विचारतो. काल नळ गळत होता, तर म्हणाला, फोन नळाला लावा. तिकडून शीळ घातली आणि नळ थांबला. आता ते सूत्र दुरुस्त करायला माझं मन होत नाही."

सगळे हसले. मोबाइल दुरुस्त करणारा शकील तेवढा हसला नाही.

"काका, काय थापा मारता," तो म्हणाला. "तुमचा फोन दिवाळीपासून माझ्या दुकानात आहे. दुरुस्त करून रोज चार्जिंगला लावतो. एकदाही वाजला नाही."